ओम्नीच्या मागच्या चाकातली गळती : ओंकारला पत्र

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोटो मोठा करून पाहिला. मागच्या डाव्या चाकाला आतल्या अंगाने काळपट ओघळ आहे आणि बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या तबकडीच्या) खालच्या कडेला थेंब लटकलाय. "जुनी व्हॅन आहे, थोडं गळणारच, मधूनमधून ऑइल भरत जा," हा सल्ला मानू नकोस. ऑइल कमी होणं ही दुय्यम गोष्ट आहे. ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतंय, घोर त्याचा आहे. ब्रेक शूवरचा लाइनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, तेलकट झाला की ते चाक एक तर धरत नाही किंवा एकदम जाम धरतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे रिकाम्या गाडीचं बूड हलकं असतं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारलास तर मागची बाजू फिरेल.

आधी गळतंय ते नक्की काय, ते ठरव. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) फुटला तरी याच जागी ओल दिसते. थोडं बोटावर घे. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग खातं. तरी कळलं नाही तर एक थेंब वाटीभर पाण्यात टाक. तरंगला तर गिअर ऑइल, विरघळला तर ब्रेक ऑइल. दुसरं निघालं तर सिलिंडर बदलावा लागेल, आणि पुढचं बरंचसं पत्र तुझ्या कामाचं नाही.

समजा सीलच गेलंय, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टभोवती बसून गिअर ऑइल आत अडवणारं रबरी कडं. मग नवं सील आणण्याआधी ते का गेलं ते पाहा, नाहीतर नवंही तसंच जाईल. अॅक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते आणि तिथून बाहेर पडते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तो दाब सीलच्या ओठावर येतो. आपल्याकडे पावसाळ्यात उलटंही होतं. तापलेला अॅक्सल तुंबलेल्या सबवेत बुडला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढते. म्हणून काढलेलं ऑइल नीट बघ. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बारीक चकाकी असेल तर बेअरिंग किंवा क्राउन (मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचा मोठा गिअर) झिजतोय. कोणी भरायच्या भोकाच्या वरपर्यंत ऑइल भरून ठेवलं असेल तर त्यानेही गळतं.

सोसायटीच्या उतारावर हे काम नको, सपाट जागा घे. हँडब्रेक मागच्याच ड्रमवर चालतो आणि ड्रम काढायला तो सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लाव. अॅक्सलच्या नळीखाली दोन स्टँड दे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

ऑइल काढताना आधी भरायचं बूच सैल करून बघ, मग खालचं खोल. वरचं जाम निघालं आणि खालून ऑइल सांडून गेलेलं असलं तर गाडी तिथेच अडकते. जुनं ऑइल कॅनमध्ये धर आणि गॅरेजच्या पिंपात टाक. नेरूळची गटारं शेवटी खाडीलाच मिळतात.

ड्रम अडला तर चहूबाजूंनी हातोडी मारत बसू नकोस. त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळ, ड्रम आपोआप बाहेर सरकतो. आतली धूळ हवेने उडवू नकोस. जुन्या लाइनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घे. स्प्रिंगा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ.

ओम्नीत शाफ्ट बॅकप्लेटसकट बाहेर येतो. त्यामुळे हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप दोन्ही सोडावे लागतात. पाइपचा नट साध्या पान्याने गोल होतो, फ्लेअर पाना वापर. सुटलेल्या पाइपच्या तोंडाला ब्लीडरची रबरी टोपी बसव म्हणजे ब्रेक ऑइल गळत राहणार नाही. मग बॅकप्लेटमागचे चार नट काढ आणि शाफ्टच्या तोंडाला स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आपटून ओढायचं हत्यार) लावून सरळ ओढ. स्लाइड हॅमर गॅरेजमधून मागून आण. ड्रम उलटा अडकवून हिसडे देणारे लोक आहेत, पण त्याने ड्रम वाकडा होतो.

शाफ्ट आला की सील नळीच्या तोंडात दिसेल. ते काढण्याआधी किती खोल बसलंय ते व्हर्नियरने मोजून लिही. हुकाने काढ. स्क्रूड्रायव्हरने जागेवर ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या कडेने गळेल. जुन्या सीलच्या पाठीवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. तेच दुकानात सांग, आणि जमलं तर सीलच घेऊन जा. कंपनीचं मिळालं तर उत्तम. दहावीस रुपये वाचवायला बिननावाचं घेऊ नकोस.

जुन्याचा ओठ बोटाने चाचपून बघ. सगळीकडून कडक होऊन तडकला असेल तर वय आणि उष्णता. एकाच जागी कापला असेल तर मागच्या वेळी कोणीतरी शाफ्ट घासत घातलाय. एकाच बाजूने जास्त झिजला असेल तर बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, आणि मग नुसतं सील बदलून काही होणार नाही. बेअरिंग हाताने फिरव. खरखर लागली तर तेही बदल.

बेअरिंगचं काम मात्र घरी करायचं नाही. ओम्नीच्या शाफ्टला आतून अडवणारी क्लिप नसते. बेअरिंगला लागून घट्ट दाबून बसवलेली एक रिंग आणि ते चार नट, एवढ्यावर चाक गाडीला टिकतं. रिंग सुटली तर शाफ्टसकट चाक बाहेर निघून जातं. जुनी रिंग ग्राइंडरने पातळ करून छिन्नीने फोडतात. ग्राइंडर शाफ्टला लागता कामा नये. नवी रिंग नवीच हवी, आणि हायड्रॉलिक प्रेसवरच बसवायची. लेथवाल्याकडे प्रेस असतो. बॅकप्लेट आधी शाफ्टवर चढवलीय का, हे त्याला दोनदा विचार. विसरली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

सीलचा ओठ जिथे फिरतो त्या चकचकीत पट्ट्यावर नख फिरव. नख अडकेल इतकी खाच असेल तर नवं सीलही गळेल. पट्टा रिंगवर असेल तर रिंग बदल, शाफ्टवर असेल तर पातळ स्लीव्ह बसव.

नवं सील स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे डिफरन्शियलकडे ठेवून बसव. ओठाला ग्रीस लाव. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा धरून हलक्या हाताने, आधी मोजलेल्या खोलीपर्यंत ठोक. तिरकं गेलं तर ते गेलं, दुसरं आण. म्हणून दोन सील घेऊनच ये. फार जोरात ठोकलं तर आतली स्प्रिंग उडते, आणि हे बाहेरून कळत नाही.

बॅकप्लेट आणि नळीच्या सांध्यावर सिलंटची बारीक ओळ दे. शाफ्ट दोन हातांनी आडवा तोलून घाल, त्याच्या आतल्या टोकाचे स्प्लाइनचे दात ओठावर टेकू देऊ नकोस. आत पोचल्यावर किंचित फिरव, दात गिअरमध्ये बसतील. नट मॅन्युअलच्या टॉर्कनेच, समोरासमोरचे आळीपाळीने आवळ.

तेल प्यायलेले लाइनर धुऊन किंवा भाजून चालत नाहीत, गरम झाले की तेल पुन्हा वर येतं. नवे टाक, दोन्ही चाकांना एकदम. एकाच बाजूला टाकलेस तर गाडी एका अंगाला ओढेल. उजवं चाकही उघडावं लागणारच आहे, तर तिकडचं सीलही आत्ताच काढ. तेही याच वयाचं आहे.

गाडी सपाट करून जीएल-५ प्रतीचं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं गिअर ऑइल वरच्या भोकाच्या काठाला येईपर्यंत भर. उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस, तिथल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. ब्रेकची हवा काढ, पेडल कडक लागेपर्यंत. मग इंजिन बंद ठेवून ड्रम हाताने फिरव, किंचित घासला पाहिजे. पहिली चाचणी सोसायटीच्या आतच, पाम बीच रोडवर नाही. थोडं चालवून थांब आणि दोन्ही ड्रमजवळ हात ने. एक जास्त तापला असेल तर तिकडचा शू घट्ट बसलाय, थोडा सैल कर.

तुझी आई

ता.क. शनिवारी काम काढणार असशील तर शुक्रवारी रात्रीच बॅकप्लेटचे नट आणि ब्रेक पाइपचा नट गंजाच्या स्प्रेने भिजवून ठेव. आणि सामान शनिवारी दुपारच्या आत आण. रविवारी स्पेअरची बरीच दुकानं बंद असतात.