चार्जिंगला लावलेल्या गाडीला जॅमर: परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: विद्युत वाहन चार्जिंगला लावलेले असताना खासगी वाहनतळ ठेकेदाराने जॅमर लावून वसूल केलेले १,१८० रुपये.

महोदय,

सविनय नमस्कार. काही दिवसांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी पुण्यातील एका मॉलच्या दुसऱ्या तळघरात माझ्या इलेक्ट्रिक मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाला पिवळा जॅमर लावण्यात आला. त्या वेळी चार्जरची गन गाडीला जोडलेली होती, हिरवा दिवा लुकलुकत होता आणि पडद्यावर ६३ टक्के हा आकडा होता. एकीकडून वीज आत येत होती आणि दुसरीकडून गाडी बेवारस ठरवली जात होती. पस्तीस वर्षे वीजपुरवठ्याच्या कामात काढलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हे नवीन होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

घडले ते असे. माझ्या ८१ वर्षांच्या आईला घेऊन मी साताऱ्याहून परतत होतो आणि बॅटरी १४ टक्क्यांवर आली होती. सकाळी तिला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे असल्याने रात्रीच गाडी भरून ठेवणे भाग होते. घरी ती सोय नाही, कारण आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने माझा चार्जरचा अर्ज सलग दोन वर्षे ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवला आहे. म्हणून ६ वाजून १२ मिनिटांनी मी मॉलच्या बूम बॅरियरमधून आत गेलो. तळघरात चार्जरला दोन गन होत्या. त्यांपैकी एकीवर पुठ्ठ्याचा तुकडा बांधून ‘बंद आहे’ असे लिहिले होते, तर दुसरीवर आधीची गाडी ६ वाजून ५० मिनिटांपर्यंत होती. माझी पाळी आली तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. चार्जर सुरू होतो तो ॲपवरून, ॲप चालते ते रेंजवर, आणि रेंज मिळते ती रॅम्पच्या वरच्या टोकाला. त्या रॅम्पवर, वर येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत, मी ओटीपीची वाट पाहत उभा राहिलो. ७ वाजून २ मिनिटांनी चार्जिंग सुरू झाले. आईला स्वच्छतागृहाची निकड होती, त्यामुळे आम्ही लिफ्टने वर गेलो, चहा घेतला आणि ७ वाजून ५५ मिनिटांनी खाली आलो, तो जॅमर.

चार्जरच्या जागेवर ‘कमाल ९० मिनिटे’ असा फलक आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ती ९० मिनिटे गन लावल्यापासून नव्हे, तर बूम बॅरियर उघडल्यापासून मोजली जातात, हे फलकावर कोठेही लिहिलेले नाही. दुसऱ्याची गाडी उतरेपर्यंत मी थांबलो ती ३८ मिनिटे माझी, आणि रेंजसाठी रॅम्प चढलो ती १२ मिनिटेही माझीच. चार्जरवर ३० किलोवॉट असे छापलेले आहे, प्रत्यक्षात त्या कोंदट तळघरात तो २२ च्या आसपास देत होता. माझी बॅटरी ४० युनिटांची आहे. १४ वरून ८० टक्क्यांवर जायला २६ युनिटांहून थोडी अधिक वीज लागते आणि २२ किलोवॉटने त्याला ७२ मिनिटे लागतात. हे गणित आठवीच्या मुलाला जमेल. त्या फलकाचा मजकूर ठरवणाऱ्याला ते जमले नाही, किंवा फारच चांगले जमले.

सिक्युरिटीच्या मुलाशी माझे भांडण नाही. तो विशी-बाविशीचा होता, आणि मी गन दाखवली तेव्हा तो अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, चार्जर वेगळ्या कंपनीचा आहे, पार्किंग आमचं आहे. आमच्या सिस्टीममध्ये चार्जिंग दिसतच नाही.” या एका वाक्यात आपल्या सरकारच्या विद्युत वाहन धोरणाची जेवढी समीक्षा झाली आहे, तेवढी मी कोठेही वाचलेली नाही.

पैसे भरण्याचे कार्यालय तिसऱ्या तळघरात, शेवटच्या कोपऱ्यात. आई गाडीत बसून राहिली, मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा आणि काच खाली, कारण आत गुदमरत होते. रांगेत माझ्यापुढे आणखी तिघे पावत्या फाडत होते. गाडी ८ वाजून १४ मिनिटांनी ८० टक्के भरून चार्जिंग आपोआप थांबले आणि जॅमर निघाला तो ८ वाजून ४० मिनिटांनी. मधली २६ मिनिटे एक बाई आपली छोटी इलेक्ट्रिक गाडी माझ्यामागे लावून थांबल्या होत्या. त्यांची बॅटरी ४ टक्क्यांवर होती. माझी गाडी हलवायला मी तयार होतो, त्या पुढे यायला तयार होत्या, आणि जागा मोकळी राहावी म्हणून लावलेला जॅमर ती जागा अडवून बसला होता.

आता पावतीकडे वळतो. तिच्यावर दंड हा शब्दच नाही. ‘जॅमर सेवा: १,००० रुपये, वस्तू व सेवा कर १८ टक्के: १८० रुपये’ असे छापले आहे. म्हणजे माझ्या चाकाला लोखंड अडकवणे ही मला पुरवलेली सेवा होती आणि तिच्यावर मी सरकारला करही भरला. मोटार विकत घेताना मी ५ टक्के कर भरला होता, कारण ती पर्यावरणपूरक आहे. तिच्यात वीज भरताना १८ टक्के भरतो आणि ती अडवून धरली जाते तेव्हाही १८ टक्के. पार्किंगचे ९० रुपये वेगळे घेतले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या जागेचे भाडे मी देईन. दंड देणार नाही.

कारण दंड करण्याचा अधिकार त्यांना दिला कोणी? मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये गुन्ह्याचे तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी भरून घेतली जाणारी रक्कम, घेण्याचा अधिकार शासनाने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यांना आहे. तळघरातल्या ठेकेदाराला नाही. हा करारभंग आहे असे त्यांचे म्हणणे असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते, मनाला येईल तो आकडा देत नाही. माझ्यामुळे ठेकेदाराचे एक हजाराचे नुकसान कसे झाले, हे मला कोणीतरी कागदावर मांडून दाखवावे. रांगेतल्या चौघांवरून मी कच्चा हिशेब केला, तर या एका तळघरातून वर्षाला वीस-बावीस लाख रुपये केवळ ‘सेवे’पोटी निघत असावेत. आकडा चुकला असेल तर त्यांनी खरा सांगावा, मी जाहीर दिलगिरी व्यक्त करीन. शिवाय इमारतींतील वाहनतळाचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकातून, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेतून, वगळण्याची सवलत आपल्याच नियमावलीने दिली आहे. जागा सवलतीची, वसुली बाजारभावाची. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये मॉलना वाहनतळ शुल्क आकारता येणार नाही असा निर्णय दिला, तेलंगणाने मार्च २०१८ मध्ये शासन आदेश काढून पहिली ३० मिनिटे विनामूल्य केली. आपल्याकडे या विषयावर भाषणे उत्तम होतात.

हे नगरविकास विभागाचे काम आहे असे आपले कार्यालय कळवील, याची मला कल्पना आहे, कारण मी केलेली पहिली तक्रार चार दिवसांत ‘योग्य कार्यवाहीस्तव पुढे पाठविली’ असा शेरा मारून निकाली काढण्यात आली आहे. कोठे पाठविली ते शेऱ्यात नाही. मॉलच्या ग्राहक कक्षाने सात दिवसांत पैसे परत करण्याचे फोनवर कबूल केले होते. आठव्या दिवशी तेथून ‘आपला अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या’ असा संदेश आला. पण महोदय, मला ही गाडी घ्यायला लावली ती नगरविकास विभागाने नव्हे. पर्यावरण विभागाच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत विद्युत वाहनांचा वाटा १० टक्के करण्याचे आणि सात शहरांत २,३७५ चार्जिंग स्थानके उभारण्याचे उद्दिष्ट होते, त्यांतली ५०० पुण्याची. मग एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले. त्यात महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय आली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर टोलमाफीही आली. माफी जाहीर झाल्यानंतरही माझ्या फास्टॅगमधून दोनदा पैसे कापले गेले, ते मी सोडून दिले, कारण प्रत्येक ठिकाणी भांडायला निवृत्तिवेतन पुरत नाही. स्थानके मोजताना त्या तळघरातली पुठ्ठा बांधलेली गन एक धरली आहे की अर्धी, हे मात्र मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. फीत कापायला दोन गन लागतात, दुरुस्तीला येतो कोण?

केंद्र सरकारने आदर्श इमारत उपविधींमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये दुरुस्ती करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेइतकी चार्जिंगची सोय सुचवली. ती जागा आखायला सांगितली, तेथे थांबणाऱ्या माणसाचे काय करायचे ते सांगायचे राहिले, आणि त्या रिकाम्या ओळीत ठेकेदाराने आपला फलक रोवला. म्हणून माझी मागणी एवढीच की, आपण व नगरविकासमंत्र्यांनी मिळून एक परिपत्रक काढावे: चार्जिंगच्या जागेवरील वेळ गन लागल्यापासून चार्जिंग संपेपर्यंत व त्यापुढे १५ मिनिटे धरावी, गन जोडलेल्या वाहनाला जॅमर लावू नये आणि चार्जरवाला व पार्किंगवाला यांनी एकमेकांची नोंद पाहावी. चार्जिंग संपल्यावरही गाडी तशीच ठेवून चित्रपट पाहणाऱ्यांकडून जरूर पैसे घ्यावेत; त्या बाईंच्या जागी उभा राहिलो असतो तर मीही तेच म्हणालो असतो. आणि माझे १,१८० रुपये, करासह, परत मिळावेत.

तोवर मीच एक व्यवस्था केली आहे. गाडीत एक पाटी आणि खडू ठेवला आहे. गन लावली की वेळ लिहून पाटी काचेमागे उभी करतो. परवा आईने ती उलटी धरून वाचली आणि विचारले, “हे कोणासाठी लिहिलंस?”

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता, पुणे
(पावतीची व चार्जिंगच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.)