कोनशिलेआधी उतारा काढा

संपादक महोदय,

पाऊस उघडला, दिवाळी सरली की अहिल्यानगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत नव्या उपासना मंदिराची बोलणी सुरू होतात. गरज खरीच असते. जुनी कौले गळत असतात आणि नाताळच्या उपासनेला निम्मी मंडळी बाहेर मांडवात बसते. मग कोनशिला बसते, फोटो निघतात आणि त्यानंतर खांबांच्या उघड्या सळया वर्षानुवर्षे गंजत राहतात. खापर फुटते मंडळीच्या गरिबीवर. ते मला पटत नाही. बहुतेक ठिकाणी पैशाआधी कामाचा क्रम चुकलेला असतो.

सुरुवात जमिनीपासून व्हावी. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आले. त्या काळापासूनच्या कित्येक मिळकती आजही मिशनच्या किंवा एखाद्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर आहेत. वर्गणी काढणार स्थानिक मंडळी आणि भिंती उभ्या राहणार दुसऱ्याच्या जागेवर. १९७० साली नागपुरात अनेक मंडळ्यांचे विलीनीकरण होऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा सगळी मालमत्ता आपोआप तिच्याकडे आली, असा समज अजून आहे. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो मोडीत काढला. विलीनीकरणाचा नुसता ठराव करून मिळकत हलत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातली रीत पाळावीच लागते. आपल्याकडचा १९५०चा कायदा मुळात तोच. म्हणून मिळकत पत्रिका किंवा सातबारा, धर्मादाय कार्यालयातला पीटीआरचा (सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा) उतारा आणि विश्वस्तांचे मंजूर बदल अर्ज, हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत. नावे जुळत नसतील तर आर्किटेक्टकडे जाण्याची घाई नको. बदल खरे तर ९० दिवसांत कळवायचा असतो, पण पीटीआरवर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली आढळतात. ‘मागची अर्धी जागा विकून पुढे बांधू’ हा बेत असेल तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. कर्जाचा विचार असेल तर ३६अ वकिलाकडून नीट समजून घ्यावे. इसार घेऊन मग परवानगीच्या मागे धावणे म्हणजे विश्वस्तांनी स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेणे.

दुसरी चूक अंदाजपत्रकाची. ३०० माणसांचे सभागृह धरू. आतली रुंदी १२ मीटर, मधली वाट दीड मीटर, दोन्ही कडांच्या वाटा ९० सेंटिमीटरच्या. उरलेल्या ८.७ मीटरच्या बाकांवर माणशी ५० सेंटिमीटर धरले तर एका रांगेत १७ माणसे बसतात. रांगेमागे ९० सेंटिमीटर धरून १८ रांगांना १६ मीटर लागतात, वेदीला ४ मीटर ठेवा. म्हणजे २० बाय १२ मीटर, सुमारे २,६०० चौरस फूट. पोर्च, पाळकांची खोली, संडे स्कूल आणि स्वच्छतागृहे मिळून आणखी १,००० चौरस फूट.

आता ३,६०० फुटांना, समजा, २,५०० रुपये दर लावला की ९० लाख होतात, आणि सभेत मंजूर होतो तो हाच आकडा. ठेक्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मंडळीला त्याची वजावट मिळत नाही. बेरीज १ कोटी ६ लाखांवर गेली. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का. आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझाइनची फी, परवानगीचे शुल्क, वीजजोडणी, बाके आणि ध्वनियंत्रणा यांना मिळून १८ लाख धरा. त्यावर अडीअडचणीचे १० टक्के घातले की १ कोटी ३७ लाख होतात. वरचे ४७ लाख कोणी खाल्लेले नसतात, ते कोणी लिहिलेलेच नसतात. पण तिसऱ्या वर्षी सभेत संशयाची कुजबुज सुरू होते ती याच आकड्यावरून.

देणगीच्या वचनांचा हिशेबही असाच भाबडा असतो. १२० कुटुंबांकडून ३६ महिन्यांत ६० लाख उभे करायचे तर घरटी महिन्याला साधारण १,३९० रुपये येतात. म्हणून सगळ्यांना घरटी सारखी वर्गणी लावायची, ही कल्पना मला सर्वांत घातक वाटते. निवृत्त प्राध्यापकाला ती जाणवत नाही. शेतमजुराच्या घरात मात्र दोन हप्ते चुकले की माणसे लाजेने उपासनेलाच येईनाशी होतात. मोठी रक्कम देऊ शकणाऱ्या आठ-दहा घरांना पाळक आणि खजिनदारांनी आधी भेटावे. निम्मी रक्कम तिथे नक्की झाली की मगच जाहीर आवाहन करावे आणि उरलेल्यांना वचनाचा आकडा आपापल्या ऐपतीने लिहू द्यावा. १०० रुपयांचे वचन आले की नियोजनात ७५च धरावेत. (पंख्याच्या पात्यावर नाव घालण्याचा मोह आवरावा. पंखा फिरायला लागला की ते कोणालाच वाचता येत नाही.)

देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. निव्वळ धार्मिक ट्रस्टला देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ‘८०जी’ मान्यता मिळत नाही, तेव्हा ‘पावती करसवलतीची आहे’ असे उत्साहाच्या भरात कोणी बोलू नये. दुसरे परदेशातल्या नातलगांचे. मुलगा दुबईत आहे पण पासपोर्ट भारतीय, तर त्याचे पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असलेल्या मुलीचे पैसे मात्र ठरतात. एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरलेले खाते असल्याशिवाय ते घेताच येत नाहीत. भावाच्या बचत खात्यातून फिरवून आणले तरी ते परकीयच राहतात. इमारत निधीचे बँक खाते वेगळे असावे. रक्कम कायम निधीसाठी आहे असे देणाऱ्याकडून लेखी घ्यावे, नाहीतर ती वार्षिक उत्पन्नात मोजली जाते आणि वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ट्रस्टच्या कामावर खर्च करण्याचा आयकराचा नियम मानगुटीवर बसतो.

वस्तुरूप देणगीबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. कोणी भक्तिभावाने मे महिन्यात २०० गोणी सिमेंट आणून टाकतो. परवानगी लांबते, पावसाळा येतो आणि त्या गोण्या पाळकांच्या खोलीत भिंतीला टेकून पडतात. नोव्हेंबरात गोणी फोडली की आत सुपारीएवढे खडे निघतात, बोटांनी चिरडले तर भुगा न होणारे. तीन महिन्यांपुढचे सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय खांब-तुळईत वापरू नये. गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचावे. पण देणाऱ्याचे मन राखायचे म्हणून तेच सिमेंट स्लॅबमध्ये जाते. त्यापेक्षा दुकानदाराकडे देणगीदाराच्या नावाने पैसे जमा ठेवावेत आणि माल लागेल तसा उचलावा.

पायाबाबत एवढेच सांगतो की आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. चार फूट खणून ‘कठीण लागले’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या पहारीवर विसंबू नये. तीन ठिकाणी बोअर घेऊन मातीची तपासणी करावी आणि पाया मुरमात टेकवावा. त्यापायी खर्च वाढला तर मनोरा पुढच्या पिढीवर सोडावा.

कोनशिला केव्हा? माझ्या मते, स्लॅबपर्यंतची रक्कम खात्यात जमा असेल तेव्हा. स्लॅब पडला की लोकांना काम संपल्यासारखे वाटते आणि वर्गणीचा ओघ आटतो. प्रत्यक्षात गिलावा, फरशी, खिडक्या, वीज आणि रंग मिळून जवळजवळ निम्मा खर्च तिथून पुढेच असतो. बांधकाम परवानगी एका वर्षाची असते आणि दरवर्षी वाढवून घेतली तरी तीनच वर्षे पुढे जाते. जोते तपासणीचा दाखला राहून गेला तर भोगवटा प्रमाणपत्र अडते.

समर्पणाची तारीख आधी छापली की घात होतो. १२ मीटरच्या तुळयांखालचे टेकू २१ दिवस हलवायचे नसतात, आणि पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारायचे असते. नाताळ गाठायचा म्हणून बाराव्या दिवशी सेंटरिंग उतरवले तर तुळई झोल खाते, आणि तो झोल नंतर सरळ होत नाही.

शेवटी आवाज, ज्याचा विचार नकाशा काढताना क्वचितच होतो. २० बाय १२ बाय ७ मीटरच्या, गुळगुळीत गिलावा आणि चकचकीत फरशीच्या सभागृहात ३०० माणसे बसली की घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, दीड-पावणेदोन सेकंदांचा राहतो. गायनाला तो बरा. तेच सभागृह बुधवारच्या प्रार्थनेला जवळपास रिकामे असले की पाच सेकंदांच्या पुढे जातो. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगाला तबल्याची एक थाप दुसरीत मिसळते, पाळकांचा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, आणि कमिटी आणखी मोठे स्पीकर आणते, ज्याने गोंगाट वाढतो. वेदीसमोरच्या मागील भिंतीवर, १२ बाय ७ मीटर भागात, आवाज शोषणारे ५० मिलिमीटर रॉकवूल आणि त्यावर भोकांचे बोर्ड लावले की रिकाम्या सभागृहाचा घुमारा अडीच सेकंदांच्या आत येतो, भरलेल्याचा सव्वा सेकंदावर. ही भिंत मूळ अंदाजपत्रकातच लिहावी. नंतर तिच्यासाठी वेगळी वर्गणी मागायला गेलात तर कोणी देत नाही.

— एक वाचक, अहिल्यानगर