पाटणादेवीच्या शिलालेखापाशीही थांबा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाटणादेवी ही खान्देशातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. चाळीसगावहून पुढे जायचं, देवीची ओटी भरायची, नवस फेडायचा, जंगलात सावली बघून डबे सोडायचे आणि उजेड आहे तोवर परतायचं, ही घरोघरची रीत. दिवाळीनंतर आम्हीही आईला आणि मुलांना घेऊन जाऊन आलो. देवीपुढे रांग होती, पण तिच्याच मंदिरातल्या शिलालेखापाशी कोणी थांबत नव्हतं. त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

लेखातली हकिगत अशी: थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने या पाटण गावी मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, मठाला दान दिलं. म्हणजे इ.स. १२०७. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळही लेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची इतकी माहिती देणारी शिळा आपल्या डोंगरात आहे आणि आपण तिच्यावरून नुसती नजर फिरवून धवलतीर्थ धबधब्याच्या वाटेला लागतो!

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, शेवट मात्र मराठीत. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं आहे. शिवाय जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. गणित-ज्योतिषाच्या त्या मठाला राजाबरोबर बाजाराचा आणि तेलघाण्यांचाही हातभार होता.

“हाई काय लिखेल शे?” आईने विचारलं. घरून वाचून गेलो होतो, म्हणून सांगता आलं. वंशावळ तिने नुसती ऐकून घेतली. घाण्याचं नाव निघालं तशी मात्र ती शिळेच्या जवळ सरकली. तिच्या माहेरी घाणा होता. बैलाच्या डोळ्यांवर झापड कशी बांधायची, पेंड कोणाला द्यायची, सगळं तिने नातवंडांना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मोबाईल खिशात ठेवून मुलं ऐकत राहिली.

माझी कळकळीची विनंती आहे. दर्शनाची रांग जिथून जाते तिथे या मराठी ओळी ठळक अक्षरांत, खाली आजच्या मराठीत अर्थ देऊन, सगळ्यांना दिसतील अशा लावाव्यात. नवरात्रात आणि चैत्रात येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस त्या पडतील. भाविकांनीही शिळेला हळद-कुंकू किंवा तेल लावू नये, अक्षरांत खडू भरू नये. आठशे वर्षं टिकलेली अक्षरं आहेत ती. आणि सहली काढणाऱ्या शाळांनी निघण्याआधी एक तास या लेखासाठी द्यावा, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं भुंग्यांचं गणित फळ्यावर सोडवून घ्यावं आणि मग मुलांना गाडीत बसवावं.

आपला,
एक वाचक, अमळनेर