माझं कर्ज तुम्ही फेडायचं नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून शेवटी लिहितेय. रिटायरमेंटचे पैसे हातात आले की त्यातून माझं घराचं कर्ज फेडून टाकायचं असं तुमच्या दोघांच्या मनात आहे ना, ते नको. वरवर नाही म्हणत नाहीये, खरंच नको. मला अजून बरीच वर्षं पगार मिळणारे, हप्ता त्यातून जातोय आणि पगार वाढेल तसा तो हलकाच होत जाईल. तुमची रक्कम एकदा गेली की ती परत उभी करायला तुमच्याकडे पगार नसणार. आणि उद्या दवाखान्याचा मोठा खर्च आला तर बाबा माझ्याकडे मागणारच नाहीत, गोळ्या एक दिवसाआड घेतील पण मागणार नाहीत, मी काय तुम्हाला ओळखत नाही का.

बाबा म्हणतात रक्कम मोठी आहे. आज दिसते मोठी, पण महागाई ६ टक्के धरा आणि दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात याच्या ठोकताळ्याप्रमाणे ७२ ला ६ ने भागा, १२ येतात, म्हणजे साधारण १२ वर्षांत खर्च दुप्पट. म्हणजे ६० व्या वर्षी जो महिना १०० मध्ये निघतो तो ७२ व्या वर्षी २०० मध्ये आणि ८४ व्या वर्षी ४०० मध्ये निघणार. आता एफडी घ्या. व्याज ७ टक्के, त्यावर समजा २० टक्के टॅक्स गेला तर हातात राहिले ५.६. वर्षाअखेर तुमच्या १०० चे झाले १०५.६० आणि १०० ची वस्तू झाली १०६ ची. व्याज जमा झालं म्हणून आपण खूश, आणि खरेदीची ताकद मात्र घटलेली. म्हणून सगळंच्या सगळं एफडीत नको.

पण मग सगळं शेअर बाजारातही नको, आणि याचं कारण मला स्वतःला कागदावर मांडल्यावर पटलं. १०० घ्या. एक वर्ष २० टक्के वाढ आणि एक वर्ष २० टक्के घट, कुठलंही आधी आलं तरी शेवटी ९६ च. आता दर वर्षाअखेर खर्चाला १० काढा. आधी वाढ आली तर ७८ उरतात, आधी घट आली तर ७४. दोनच वर्षांत ४ चा फरक, फक्त क्रम उलटा झाला म्हणून, आणि नोकरी सुटल्यावर लगेच बाजार पडला तर हेच होतं. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांच्या घरखर्चाचे पैसे बाजाराच्या बाहेर, सहज काढता येतील असे ठेवा, म्हणजे पडत्या भावात काही विकायची वेळ येणार नाही. उरलेल्यातला थोडा भाग वाढू दे.

वर्षाला किती काढायचे, तर विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिकडच्या शेअर-बाँडचे जुने आकडे तपासून सांगितलं की पहिल्या वर्षी ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या, पैसे निदान ३० वर्षं पुरतात. नंतर त्याने स्वतःच तो आकडा थोडा वर नेला. आकडे तिकडचे आहेत, त्यामुळे ब्रह्मवाक्य समजू नका, पण अंदाजाला बरं आहे, वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम हवी असा त्याचा अर्थ. बाबा, आता यात माझं कर्ज बसवून बघा बरं.

टॅक्सचं थोडक्यात. वरचा स्लॅब लागला की सगळ्या उत्पन्नावर जास्त टॅक्स बसतो ही बाबांची भीती चुकीची आहे, मर्यादेच्या वर जेवढं जातं तेवढ्यावरच वरचा दर. पण म्हणूनच टॅक्स लागणारी मोठी रक्कम एकाच वर्षात काढू नका, काही या आर्थिक वर्षात, काही पुढच्या, जमेल तिथे वाटून घ्या. पहिल्या वर्षी सीएला फी द्या, तिथे कंजूषी नको.

आई, आता तुझ्यासाठी. पेन्शनच्या फॉर्मवर दोन पर्याय असतील, एक बाबांच्या हयातीपुरती जरा जास्त पेन्शन आणि दुसरी थोडी कमी, पण नंतर तुलाही चालू राहणारी. बाबा जास्त आकड्यावर टिक करतील, तू दुसऱ्यावर करायला लाव. तू त्यांच्याहून लहान आहेस, आणि बायका सहसा जास्त जगतात, स्पष्टच बोलते. आणि मागच्या वेळी फाइल चाळताना एका जुन्या खात्यावर नॉमिनी म्हणून अजून आजीचं नाव दिसलं! आजी जाऊन केवढी वर्षं झाली. ते आधी बदला, बाकीची खातीही एकदा बघून घ्या, आणि मृत्युपत्र दोघांनीही करा, त्यात अशुभ काही नाही. ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर बंद होणार असेल तर नवा आत्ताच घ्या, नोकरी सुटेपर्यंत थांबू नका. आणि "आज रात्रीच ऑफर संपतेय" म्हणणाऱ्या कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, मग तो बाबांचा मित्र का असेना.

पेन्शनच्या फॉर्मची शेवटची तारीख काय आहे तेवढं लगेच व्हॉट्सॲप करा, आणि सही करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
धाकटी