गोदीखालचे खैराचे रान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाढत्या समुद्रपातळीवर आपल्या पानावर चाललेला पत्रव्यवहार वाचतो आहे. ‘समुद्र पूर्वीही वर-खाली झालाच होता, मग आताच एवढी काळजी कशाला?’ असे काही वाचकांनी लिहिले आहे. पूर्वी झाला होता, हे अगदी खरे. त्याचा पुरावा तर मुंबईच्या पोटातूनच निघाला.

१८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉक या मुंबई बंदरातल्या गोदीचे खोदकाम चालू असताना चिखलाच्या थराखाली खैराची ३८२ झाडे सापडली. त्यांतली २२३ जागच्या जागी उभी होती, मुळे जमिनीत रोवलेली. खैर म्हणजे काताचे झाड, रानातले, डोंगरउताराचे. भरतीच्या पाण्यात ते उगवत नाही. म्हणजे तिथे एके काळी कोरडी जमीन होती. मग एक तर समुद्र वर चढला असेल किंवा ती जमीन खचली असेल. मुंबईच्या किनाऱ्यावर दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. हिमयुग ऐन भरात असताना, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगभर समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. मुंबई हाय हे समुद्रातले तेलक्षेत्र शहरापासून १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास. तेव्हा तिथवर चालत जाता आले असते!

उलटी खूण, म्हणजे समुद्र आजच्यापेक्षा वर असल्याची, आमच्या बाजूला आहे. अलिबाग-मुरूडकडे वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट सांधून झालेला दगड मिळतो. जुन्या जोत्यांत, विहिरींत तो वापरलेला आहे. असा एक तुकडा माझ्या टेबलावर असतो. त्यात शिंपल्याच्या कडेवरच्या रेघा अजून बोटाला लागतात. हा दगड काही ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्याही वर आढळतो.

पण खैराचे रान बुडाले तेव्हा त्या जमिनीवर रेल्वे नव्हती, इस्पितळे नव्हती, कोट्यवधी माणसे नव्हती. पाणी चढले तसे रान मागे सरत गेले. आपल्याला सरकायला जागा कुठे आहे? म्हणून ‘पूर्वीही झाले होते’ या वाक्याने मला धीर येत नाही, उलट काळजी वाटते.

प्रिन्सेस डॉक आता भरून टाकली आहे. पूर्व किनारा लोकांसाठी खुला करण्याच्या गोष्टी होतात, तेव्हा तिथे या रानाची माहिती देणारा एक ठळक मराठी फलक लावावा, एवढी विनंती आहे. त्या फलकाशेजारी ठेवायला माझ्या टेबलावरचा दगड मी आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, अलिबाग