आईनेही भात सोडला

गुहागर, वरचा पाट

प्रिय बंड्या,

गणपतीत आला नाहीस म्हणून रुसलो होतो, मग रुसव्याचा आळस झाला. रुसवा अजून आहे, पण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तूही हसशील, पण साखरेपायी दादांच्या अंगठ्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो. तीन महिन्यांची साखर 6.3 आली, डॉक्टर म्हणाले, उंबरठ्यावर आहात, आत येऊ नका.

झालं. जुलैत एकाच दिवशी रात्रीचा भात बंद नि पहाटे पुळणीवरून असगोलीच्या दिशेने चालणं सुरू. पावसात छत्री उलटी होते, पण जातो. तू म्हणणार, एका वेळी एकच! दहावीला भूमिती संपेस्तोवर बीजगणित उघडू दिलं नाहीस मला. (बीजगणितात किती पडले ते काढू नकोस.) पण या वेळी माझ्याकडे पुरावा आहे. स्टॅनफर्डवाल्यांचा 2013 सालचा अभ्यास लेकीने वाचून दाखवला. पंचेचाळिशीपुढची, व्यायामाचं नाव न काढणारी 200 माणसं. काहींनी खाणं-चालणं एकदम बदललं, काहींनी आधी एक नि काही महिन्यांनी दुसरं. वर्षाअखेर एकदमवाले पुढे. आणि आधी फक्त खाणं सुधारलेल्यांना आठवड्याला व्यायामाची 150 मिनिटं काही जमली नाहीत. पटतं मला. जेवायला तर आपण बसतोच. चालायला दिवसातून वेळ चोरावा लागतो. आज राहिलं की राहिलंच.

फक्त त्या लोकांना मधूनमधून फोन करून धीर द्यायला माणूस होता. माझ्याकडे आई आहे.

पहिल्या रात्री तिने सवयीने वाटीत भात दाबून मूद पाडली. मी हात आडवा केला. काही बोलली नाही. डावाने मूद मोडली, भात पातेल्यात परत सारला, वर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून रात्री पातेलंच चढेना. मला नाचणीची भाकरी, तिलाही तीच, आमटीत कुस्करून. दात नाहीत, अर्धी खाते नि ताट सरकवते. मला वाटलं, रुसली. ओरडलोही एकदा, तुझी साखर कुठे वाढलीय म्हणून.

परवा चुलीशी बसून म्हणाली, "त्यांना मीच वाढत होते ना रे."

बंड्या, अठरा वर्षं हे मनात धरून होती ती. डॉक्टर नको म्हणायचे, दादा ताट पुढे करायचे, ही वरून तूप सोडायची. मी काय बोलणार? दादांना दुसरी मूद हवी असायची तेव्हा शेजारी बसून मीही मागायचो. तूही.

भात परत सुरू केला तर तिला आणखी भीती, नाही केला तर ती अर्ध्या भाकरीवर. चार किलो उतरलीय, आणि मी फक्त दीड! (हे तरी हसण्यासारखं आहे.)

तुझ्या नव्या जागेचं अभिनंदन, लिफ्ट चालते ना? वहिनींना नमस्कार, चिरंजीवांचं इंजिनीअरिंग एकदाचं संपू दे.

दिवाळीत ये. रात्रीच्या जेवणाला ये. पानावर बसलास की पहिल्यासारखा ओरड, "काकू, मूद!" तुला ती नाही म्हणणार नाही. आणि पातेलं चढलं की घासभर स्वतःलाही घेईल.

तुझा,
नान्या