असूयेसकट मैत्री

संपादक महोदय,

एलेना फेरांते या टोपणनावाने लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेच्या, नेपल्समधील लीला आणि कथा सांगणारी एलेना या दोन मुलींच्या मैत्रीवरील ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ (माझी असामान्य मैत्रीण) या कादंबरीविषयी आपल्या दैनिकात वाचकांची उलटसुलट मते वाचली. २०११ साली आलेला हा चार खंडांपैकी पहिला खंड काहींना अविस्मरणीय वाटला, तर काहींनी तो निम्म्यात मिटून ठेवला. नाराजांच्या काही तक्रारी मला मान्य आहेत. एकाच वस्तीतील इतकी कुटुंबे आणि त्यांची एकमेकांशी मिळतीजुळती नावे लक्षात ठेवताना दमछाक होते, आणि लेखिकेने आरंभीच पात्रांची यादी दिली आहे ती काही उगीच नव्हे. (लीला हे नाव तेवढे आपल्या कानाला परके वाटत नाही!) पात्रे नेपल्सच्या बोलीत भांडतात असे आपल्याला सांगितले जाते, पण ती बोली क्वचितच ऐकू येते, कारण मूळ लेखनही बव्हंशी प्रमाण इटालियनमध्येच आहे, भाषा सपाट वाटल्याचा सगळा दोष अनुवादावर टाकता येणार नाही.

मात्र ‘या दोघी मैत्रिणी नव्हेतच, कारण त्या सतत एकमेकींचा मत्सर करतात’ हा आक्षेप मला पटत नाही. शाळा चुकवून समुद्र पाहायला जाण्याचा प्रसंग आठवावा. बेत लीलाचा, पण वाटेत आभाळ भरून येताच परत फिरण्याचा आग्रहही तिचाच. एलेनाला घरी मार बसतो, आणि एवढे होऊनही घरचे तिला पुढे शिकवणार आहेत हे कळल्यावर लीला चकित होते. मैत्रिणीचे शिक्षण बंद पडावे म्हणूनच तिने हा घाट घातला होता का, ही शंका एलेनाच्या मनात येते आणि कायमची अनुत्तरित राहते. शिकण्याच्या हट्टापायी ज्या लीलाला बापाने खिडकीतून बाहेर फेकले, तीच पुढे स्वतःच लॅटिन शिकून एलेनाला अभ्यासात मदत करते. एकीला शाळा मिळाली आणि अधिक हुशार असूनही दुसरीला मिळाली नाही, अशा ठिकाणी असूया नसती तर मला ती मैत्री खोटी वाटली असती. दोन मुलगे असे ईर्ष्येने एकमेकांच्या पुढे जाऊ पाहत असते तर आपण त्याला कौतुकाने चुरस म्हटले असते. मुलींकडून मात्र निव्वळ जिव्हाळ्याची अपेक्षा ठेवतो, आणि ती पुरी झाली नाही की पात्रे ‘आवडण्याजोगी नाहीत’ असा शेरा मारतो.

शीर्षकातील असामान्य मैत्रीण म्हणजे लीलाच, असे बहुतेक वाचक गृहीत धरतात. मीही धरले होते. परंतु पुस्तकात हे शब्द लीला एलेनाला उद्देशून उच्चारते, आणि ते वाचल्यावर मला मागची कित्येक पाने पुन्हा उलटावी लागली, कारण तोवर एलेनाने सांगितलेला तिचा स्वतःचा कमीपणा मी जसाच्या तसा खरा मानत आले होते. ज्यांनी पुस्तक निम्म्यात सोडले, ते या ठिकाणापर्यंत पोहोचलेच नाहीत, एवढीच माझी त्यांच्याबद्दलची हळहळ आहे.

पहिला खंड एका लग्नसमारंभात ऐन मोक्याच्या क्षणी थांबतो, यावरही अनेक वाचक रागावलेले दिसतात. राग मलाही आला होता, आणि त्या रागातच मी दुसरा खंड मागवला.

आपली,
एक नियमित वाचक